थर्मोकार्स्ट लेकला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम
सायबेरियातल्या पर्माफ्रॉस्टवरच्या (वर्षानुवर्षं शून्याखाली राहणाऱ्या जमिनीवरच्या) एका माहितीपटाची सबटायटलं करतेय आणि थर्मोकार्स्ट लेकपाशी अडलेय. मी 'हिमवितळ सरोवर' लिहिलं, तर तपासणाऱ्यांचा शेरा आला की हे वाचून हिमनदीचं पाणी साचलेलं तळं वाटतं. बरोबरच आहे, इथे हिमनदी नसतेच. जमिनीच्या पोटात बर्फाच्या मोठाल्या पाचरी असतात, त्या वितळल्या की वरची माती खाली बसते, खळग्यात पाणी साचतं आणि मग तेच पाणी काठाची नि खालची जमीन अजून वितळवत सुटतं. एवढं सगळं दोन शब्दांत कसं बसवू?

जुनाखडू
खचतळं. जमीन खचली म्हटलं की कुणालाही कळतं. आणि सरोवर कशाला, यातली कित्येक डबक्याएवढी असतात. माझ्या लेखी तळ दिसतो ते तळं.

शेवाळ
अहो पण यांचा तळच तर दिसत नाही! पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या भागातली तळी अगदी काळपट तपकिरी असतात, मातीतला सेंद्रिय कार्बन विरघळून येतो ना. उजेड खोल जात नाही, उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाशी ऑक्सिजन संपतो. कॅनडातल्या उत्तर क्युबेकमध्ये तर शेजारशेजारची तळी एक काळं, एक तपकिरी, एक हिरवट अशी आहेत.

टिंब
माझा आक्षेप 'वितळ'वर आहे. आम्ही लहानपणापासून बर्फ विरघळला असंच म्हणतो.

जुनाखडू
चूक. विरघळायला दुसरं काहीतरी लागतं, मीठ पाण्यात विरघळतं. बर्फ वितळतो. आमच्या बाई यावर अर्धा गुण कापायच्या आणि योग्यच करायच्या.

टिंब
मग मेणबत्ती? कुणी विरघळली म्हणतं, कुणी पाघळली. माणसाचं मन तर रोज विरघळतं, त्याला कुठलं पाणी लागतं? भाषा बाईंच्या लाल पेनाने चालत नाही.

वाटाड्या
गंमत अशी की तुमचं हे भांडण मूळ शब्दातच आहे. कार्स्ट हे स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवरच्या चुनखडीच्या पठाराचं नाव. तिथे चुनखडी खरोखर विरघळते आणि खळगे पडतात. येरमोलायेव नावाच्या रशियन संशोधकाने १९३२ साली थर्मोकार्स्ट शब्द आणला, कारण गोठलेल्या जमिनीतले खळगे दिसायला तसेच. पण इथे खडक विरघळत नाही, बर्फ वितळतो. म्हणजे मूळ शब्द नुसत्या दिसण्यावर बेतलाय, त्याचं शब्दशः मराठी करण्यात अर्थ नाही, थर्मोकार्स्टच ठेवा.

जुनाखडू
हो, सगळंच ठेवा. मग सबटायटलं तरी कशाला करता?

शेवाळ
मला वेगळाच प्रश्न आहे. तळाशी जे चालतं ते कुजणं की आंबणं? येडोमा म्हणतात त्या हिमयुगातल्या मातीत मुळं-पानं हजारो वर्षं गोठून पडलेली असतात. तळं झालं की ती ऑक्सिजनविना सूक्ष्मजीवांच्या तावडीत सापडतात आणि मिथेन तयार होतो, बराचसा बुडबुड्यांतून थेट वर येतो, हिवाळ्यात बर्फात अडकलेला पांढराफटक दिसतो. काही तळ्यांच्या ढासळत्या काठाजवळच्या मिथेनमधला कार्बन ३५ ते ४३ हजार वर्षं जुना निघाला, २००६ साली छापून आलंय. आणि शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २८ पटीच्या आसपास तापवतो. 'कुजणं' लिहिलं की वाचकाच्या नाकात वास शिरतो, मिथेनला तर वास नसतो.

जुनाखडू
हवेत कुजतं, हवेविना सडतं. आंबणं तिसरंच.

टिंब
कुठल्या कोशात आहे हे? लाकूड उघड्यावर सडतं की.

अर्धविराम
मंडळी, फाइल आज रात्री द्यायचीय. खचतळं छान आहे, पण खाणीखालची जमीन खचूनही तळी होतात, तीही खचतळीच ना? 'मिथेनतळं' चालेल का?

शेवाळ
नको! मिथेनतळं म्हटलं की जन्मभराचा शिक्का बसतो. जुन्या तळ्यांत शेवाळं नि पाणवनस्पती वाढून कार्बन पुन्हा गाडला जातो. २०१४ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की अशी तळी सुमारे ५००० वर्षांपूर्वीपासून एकूण हिशेबात हवा थंड करायच्या बाजूला गेली. नव्याने होणारी तळी मात्र वेगळी.

वाटाड्या
सायबेरियातल्या याकूत लोकांचा अलास घ्या, छोटा शब्द आहे. पण तो तळं आटून किंवा वाहून गेल्यावर उरणाऱ्या गवताळ खोलगट जागेला म्हणतात, त्यामुळे तुमच्या दृश्यात पाणी असेल तर पंचाईत.

टिंब
आणि पर्माफ्रॉस्टला काय लिहिलंयत, कायमगोठ? व्याख्येत फक्त सलग दोन वर्षं शून्य किंवा त्याखाली एवढंच आहे. दोन वर्षं म्हणजे कायम?

वाटाड्या
त्याहून वाईट म्हणजे त्या व्याख्येत पाण्याची अटच नाही. ठणठणीत कोरडा खडकही पर्माफ्रॉस्टच. मग गोठलं काय?