उन्हाळी इंटर्नशिप आणि मार्गदर्शक : अनुभवातले बारकावे लिहा

बीएस्सी, इंजिनीअरिंग, एमबीबीएस करणारी मुले एकच प्रश्न विचारतात : संशोधनाचा अनुभव मिळवायचा कसा? ज्यांनी इंटर्न घेतले, घडवले, त्यांचे अहवाल तपासले, त्यांनी इथे नेमके लिहावे. काय करायचे, किती करायचे आणि कुठे बिघडते.

भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका

मे-जूनच्या कामाची तयारी दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा. फेब्रुवारीत जाग आली तर बरेच दरवाजे बंद झालेले असतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा संशोधन कार्यक्रम आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा सुट्टीतला कार्यक्रम आहे. तारखा दर वर्षी सरकतात, त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर पाहा, फिरत आलेल्या मेसेजवर नको. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा विज्ञान उपक्रम २००४ पासून चालू आहे. तो पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी असतो, तिसऱ्या वर्षात आठवून उपयोग नाही.

शिफारसपत्र हवे असेल तर सरांना किंवा मॅडमना तीन आठवडे आधी सांगा. सोबत गुणपत्रिका, एक पानी सीव्ही आणि त्यांच्या हाताखाली केलेल्या दोन प्रॅक्टिकलची नावे लिहून द्या. नाहीतर ‘विद्यार्थी मेहनती व प्रामाणिक आहे’ एवढेच पत्र जाते. ते शंभर जणांचे असते, त्यावर कुणाचीही निवड होत नाही.

रसायनशास्त्रात पीएचडी करणारा

थेट प्राध्यापकांना ईमेल करणार असाल तर दीडशे ते दोनशे शब्द पुरे. विषयाच्या ओळीत इयत्ता, कॉलेजचे शहर आणि तारखा लिहा : ‘एमएस्सी भाग १, नाशिक, १५ मे ते १५ जुलै उपलब्ध’. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका पेपरमधल्या एका आकृतीबद्दल खरा प्रश्न विचारा. नुसते ‘आपले संशोधन आवडले’ लिहिले की पत्र सगळ्यांना गेले आहे हे लगेच कळते. अॅटॅचमेंट एकच, पीडीएफ, फाइलला स्वतःचे नाव. दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. एकाच विभागातल्या पाच जणांना एकदम पत्र टाकू नका, ते दुपारी एकत्र चहा पितात.

जैवतंत्रज्ञान प्रयोगशाळेतील वैज्ञानिक

पहिल्या आठवड्यात प्रोजेक्टचे नाव काढू नका, पिपेटवर, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून घेण्याच्या साधनावर, हात बसवा. पिपेटच्या बटणाला दोन थांबे असतात. द्रव ओढताना पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचे, सोडताना दुसऱ्यापर्यंत. नवीन मुले ओढतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत जातात, जास्त द्रव घेतात आणि पुढचे सगळे प्रमाण चुकते.

तपासणी सोपी आहे. वजनकाट्यावर छोटी नळी ठेवून शून्य करा आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा, दर वेळी पुन्हा शून्य करून. प्रत्येक वेळी सुमारे १०० मिलिग्रॅम दिसले पाहिजे. आकडे ९४, १०५, ९८ असे उड्या मारत असतील तर दोष हाताचा. दहाही वेळा ९२च येत असेल तर हात स्थिर आहे. पिपेटच्या टोकाला लावायची प्लास्टिकची टिप सैल बसते आहे का ते बघा, नसेल तर पिपेटचे कॅलिब्रेशन (मोजमापाची जुळणी). हा फरक एकदा डोळ्यांनी दिसला की त्रुटींचे दोन प्रकार, यादृच्छिक आणि पद्धतशीर, पुस्तकातून पाठ करावे लागत नाहीत.

नोंदवही बांधलेली, पाने क्रमांकित, लिखाण पेनाने. चुकले तर एक रेघ मारा, खालचे वाचता आले पाहिजे. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) डीएनए न घातलेल्या नळीतही पट्टा दिसला, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळला, तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद, ‘बाकीचे चांगले दिसतात’ म्हणून ठेवायचे नाहीत. बहुतेक वेळा दोष वीस वेळा उघडलेल्या पाण्याच्या बाटलीत असतो. म्हणून पाणी पहिल्याच दिवशी छोट्या नळ्यांत वाटून ठेवा.

रेडिओ खगोलशास्त्रातून

प्रयोगशाळा नसेल तरी अडत नाही. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी, १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या टीजीएसएस या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा मोफत मिळतात. साध्या लॅपटॉपवर उघडतात. नेहमीची चूक एकच : प्रतिमेची भेदनक्षमता, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सर्वात लहान तपशील, सुमारे २५ विकला (आर्कसेकंद) आहे आणि विद्यार्थी त्याहून लहान ठिपक्यात ‘रचना’ शोधतो. मूळ फाइलला कधीही हात लावू नका, प्रत काढून काम करा आणि कोणत्या आज्ञा चालवल्या ते तारखेसह लिहून ठेवा.

वनस्पतीशास्त्र, सातारा भागात काम

सड्यावरच्या (उघड्या कातळाच्या पठारावरच्या) फुलांची मोजणी करताना एक मीटर बाय एक मीटरची चौकट जिथे फुले दाट दिसतात तिथे टाकण्याचा मोह होतो. मग घनता फुगते. जागा आधी घरी बसून, यादृच्छिक आकड्यांनी ठरवा. तिथे नुसता कातळ निघाला तरी शून्य लिहा. ते शून्य हाच डेटा आहे.

वैद्यकीय महाविद्यालयातील मार्गदर्शक

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप दोन महिन्यांची असते, आणि त्यात सर्वाधिक प्रस्ताव नमुनासंख्येवर, म्हणजे किती रुग्ण घ्यायचे यावर, घसरतात. मोजायच्या गोष्टीचे रुग्णांमधले प्रमाण माहीत नसेल तर ५० टक्के धरतात. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक घेतली तर ३८५ रुग्ण लागतात, १० टक्के चूक चालवली तर ९७. पंधरा मिनिटांची प्रश्नावली ९७ जणांना म्हणजे चोवीस तासांहून थोडे जास्त निव्वळ बोलणे. ओपीडीत ते जमते, ३८५ जमत नाही. आणि नैतिकता समितीची मंजुरी हातात येण्याआधी एकाही रुग्णाला प्रश्न विचारायचा नाही, ‘पायलट’ म्हणूनसुद्धा नाही. ती माहिती नंतर वापरता येत नाही आणि रुग्णाचा वेळ फुकट जातो.

संशोधन संस्थेतील गटप्रमुख

दर आठवड्याला मार्गदर्शकांना एक पान द्या : काय केले, काय आले, काय अडले, पुढे काय. ‘अडले’ रिकामे असेल तर मला काळजी वाटते. पेपरवर नाव येणार का, हे पहिल्या पंधरा दिवसांत विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही. प्रमाणपत्राची किंमत सांगून पैसे मागणाऱ्या ‘ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप’पासून दूर राहा.

शेवटचे तीन दिवस नवीन प्रयोग लावू नका. फ्रीजरमधल्या खोक्याचा नकाशा काढा, कोणत्या खणात कोणती नळी, कधीची, किती शिल्लक. स्पिरिटने पुसले जाणारे मार्कर वापरले असेल तर लेबले पुन्हा लिहा. मग वहीची स्कॅन प्रत घ्या आणि मूळ वही तिथेच ठेवा.