गावची नाटकं संपलेली नाहीत

जत्रेतली हौशी नाटकं आता संपलीच, मोबाइल सोडून नाटकाला कोण बसतंय, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. आमच्या गोव्यात, फोंड्याकडच्या वाड्यावर अजून रात्री नऊनंतर देवळाच्या सभामंडपात तालमी चालतात. दिवसभर कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी बस चालवणारा आमच्या नाटकातला सेनापती जेवून येतो, वही गुंडाळून काखेत, आणि पहिल्या अंकातलं लांबलचक स्वगत खांबाला टेकून म्हणतो. एक शब्द अडला की कोपऱ्यातली आजी आधीच तो पुटपुटते. तिच्या नवऱ्याने तीच भूमिका केली होती.

मंगेशीत १९०० साली जन्मलेले गायक-नट दीनानाथ मंगेशकर याच मातीतले. पणजीच्या कला अकादमीतल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, पण तिथे स्पर्धेला उतरणाऱ्या कितीतरी नटांना पहिल्यांदा तोंडाला रंग लागला तो गावच्या मांडावरच, म्हणजे गावात खेळ होतात त्या जागेवर.

मला खरा त्रास होतो तो सत्कारांचा. गेल्या जत्रेला पहिला अंक रंगात आला होता, पडदा पडला आणि पुढारी मंचावर चढले. शाली, नारळ, भाषणं, पाऊण तास गेला! पोरं खाज्याच्या दुकानांकडे पांगली, म्हातारी माणसं घरी गेली. दुसरा अंक अर्ध्या खुर्च्यांपुढे झाला. माणसं मोबाइलमुळे उठली नव्हती हो. सत्कार नांदीच्या आधी उरकून घ्या, एवढं प्रत्येक उत्सव समितीने यंदा ठरवावं.