प्रति: पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलताना

तुम्ही विचारलंय, गाडीच्या पुढच्या चाकाचं नवं बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवलं तर चालेल का. कृपा करून तसं करू नका. ठोकल्याने आत गोळ्यांच्या वाटेवर बारीक खड्डे पडतात आणि खराब बेअरिंगचा तोच घूं-घूं आवाज परत सुरू होतो.

नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो जाड धातूचा भाग) काढण्यापर्यंतचं काम घरी नक्की होतं. अॅक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करा. कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) ब्रेकच्या होजवर, म्हणजे तेलाच्या नळीवर, लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. मग नकल आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) घेऊन हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे (तेलाच्या दाबावर चालणारं दाबयंत्र असलेल्याकडे) जा, आणि समोर उभं राहून करून घ्या. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर हवा. हब दाबताना खालून आतल्या रिंगला आधार हवा. हे उलटं झालं की नवं बेअरिंग गाडीला लागण्याआधीच गेलं!

एबीएसवाल्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) बऱ्याच गाड्यांत बेअरिंगची एक बाजू चुंबकीय असते, ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच यायला हवी. टाचणी हलकीशी चिकटते ती बाजू. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) खाचेत पूर्ण बसली ना, तेही बघा.

अॅक्सलचा नट नवाच घ्या, आणि मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्ह्यानेच (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्ह्याने) आवळा.