अलका याज्ञिक यूट्यूबवर जगात पहिली?? एवढं ऐकतंय कोण?

बेसूर_बासरी:
धाग्याचं निमित्त तसं फुटकळ आहे. आमची ऑफिसची कॅब हिंजवडीतून निघते आणि पुढे सिग्नलला अर्धा अर्धा तास उभी असते, तेवढ्या वेळात ड्रायव्हरदादा नव्वदच्या दशकातली गाणी लावतात, रोज तीच, अलका याज्ञिक, कुमार सानू, उदित नारायण. परवा घरी सहज म्हटलं की ही गाणी आता आमच्या दादांशिवाय कोण ऐकतंय, तर लेकीने (वय १६) फोनवर गिनीजवाल्यांचं पान काढून समोर धरलं. २०२२ मध्ये यूट्यूबवर जगात सगळ्यात जास्त ऐकलेली कलाकार अलका याज्ञिक, १५.३ अब्ज वेळा. म्हणजे १५३० कोटी! दुसरा पोर्तो रिकोचा गायक बॅड बनी, १४.७ अब्ज. बरं एकदाच लागलेला मटका म्हणावं तर २०२१ ला १७ अब्ज आणि २०२० ला १६.६. उदित नारायण, कुमार सानू दोघंही पहिल्या पाचात आणि कोरियन बँड बीटीएस त्यांच्याखाली. लेक बीटीएसवाली, त्यामुळे तो भाग तिने जरा पटकन वर सरकवला.

लताबाई, किशोरकुमार असते तर मी प्रश्नच विचारला नसता. पण अलका याज्ञिक? चांगलीच गाते, वाद नाही, पण तिचं कोणी देव्हाऱ्यात बसवून कौतुक केलेलं मला आठवत नाही आणि गेल्या कित्येक वर्षांत नवीन गाणीही फार नाहीत. मग हे कसं?

इचलकरंजीकर_काका:
माझं १९८९ पासून कॅसेटचं दुकान होतं, त्यामुळे मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. तेव्हा टी-सिरीज कंपनीने कॅसेट इतकी स्वस्त केली होती की माझ्या दुकानाशेजारच्या पानटपरीवर पण कॅसेटा टांगलेल्या असायच्या, किराणा दुकानात साबणाच्या शेजारी कॅसेट. त्याआधी रेकॉर्ड प्लेअर घेणं हे डॉक्टर-वकिलाचं काम, टेप मात्र हातमागावर काम करणाऱ्याच्या घरी पण आला. म्हणजे गाणं विकत घेणारा माणूसच बदलला ना. आणि त्याला जे पाहिजे होतं ते नदीम-श्रवण, आनंद-मिलिंद, जतिन-ललित या संगीतकार जोड्यांनी बरोब्बर दिलं, पहिल्या अर्ध्या मिनिटात चाल डोक्यात बसली पाहिजे आणि आवाज वाद्यांच्या पुढे पाहिजे, कारण टेप हलका, स्पीकर फाटका, बाजूला माग चालू. अलका याज्ञिकचा आवाज त्या फाटक्या स्पीकरमधून पण स्वच्छ यायचा हे मी कानाने ऐकलेलं सांगतोय.

आता तोच स्पीकर म्हणजे मोबाईल. फाटकाच आहे.

अजून एक, संख्या. तेजाबनंतर (१९८८) पंधरा वर्षं बाई जवळपास प्रत्येक दुसऱ्या पिक्चरमध्ये होत्या. त्या लोकांचा कामाचा सपाटाच वेगळा, कुमार सानूने १९९३ ला एका दिवसात २८ गाणी रेकॉर्ड केली होती, त्याचं पण गिनीजमध्ये नाव आहे. आत्ताचा गायक वर्षभरात तेवढी गायला तरी खूप.

आकडेमोड्या:
काका म्हणतात ते ठीक आहे पण आकडा नीट बघा राव. एक तर हा फक्त यूट्यूबचा आकडा. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर २०२२ ला जगात पहिला बॅड बनीच होता. यूट्यूब फुकट आहे, टीव्हीवर चालतं, आजीला पण लावता येतं, आणि भारताबरोबर पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, आखातातली आपली मंडळी सगळी तिथेच. दुसरं म्हणजे युगलगीत. अलका-उदितचं एक गाणं वाजलं की दोघांच्याही खात्यात धरणार, आणि नव्वदमध्ये निम्मी गाणी युगलगीतंच होती, म्हणून तर ते तिघं यादीत एकमेकांचा हात धरून आल्यासारखे दिसतायत.

आणि १५३० कोटी भागिले ३६५, दिवसाला साधारण ४ कोटी २० लाख. एका माणसाने दिवसाला पाच गाणी ऐकली तर ८४ लाख माणसं झाली. मुंबईच्या लोकलला रोज ७०-७५ लाख लोक चढतात, त्याहून थोडी जास्त. पावणेदोनशे कोटींहून मोठ्या उपखंडात एवढी माणसं म्हणजे काही चमत्कार नाही.

नाशिकची_मी:
आकडेमोडे दादा, चमत्कार नाही कबूल, पण ती ८४ लाख माणसं तिच्याकडेच का जातात ते राहिलंच की.

मी माझं सांगते. सकाळी पोळ्या लाटताना हात पिठाचे असतात, मी फोनला सांगते अलका याज्ञिकची गाणी लाव, की पुढचे दोन तास ते आपलं आपण चालू राहतं. मी ऐकत नसते हो! म्हणजे ऐकते पण लक्ष देऊन नाही. नवीन गाणं लावलं की लक्ष द्यावं लागतं, शब्द काय, कोण गातंय, आवडलं का नाही. या गाण्यांचं मला आवडून झालेलं आहे, आठवीत असतानाच. त्यामुळे ते नळाच्या पाण्यासारखं वाहत राहतं आणि मध्येच एखाद्या अंतऱ्याला मी पण गुणगुणते, तेवढ्यात सासूबाई पण सूर लावतात, त्यांना लताबाईंच्या नंतरचं काही आवडत नाही असं त्या सांगतात तरी!

असंच ते हनुमान चालिसाचं, हरिहरनच्या आवाजातलं, टी-सिरीजवाल्या गुलशन कुमारचा व्हिडिओ असलेलं. गुलशन कुमार जाऊन (१९९७) इतकी वर्षं झाली आणि त्याला अब्जावधी व्ह्यूज आहेत, ते काय कोणी शोधून शोधून ऐकतं? सकाळी दिवा लावला की लागतं. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे तसेच, आषाढी आली, गणपती आले की गल्लीगल्लीत. माणूस २००४ ला गेला पण मांडवाला अजून दुसरा आवाज चालत नाही, नातू आदर्श एवढा मोठा गायक झाला तरी. ज्याचं गाणं एखाद्या कामाला किंवा सणाला चिकटलं त्याला मरण नाही असं माझं मत.

बाकी जून २०२४ मध्ये अलकाताईंनीच सांगितलं होतं ना की त्यांना ऐकू येणं कमी झालंय, आणि मोठा आवाज आणि हेडफोन जपून वापरा म्हणून. तेव्हा पोळ्या करता करता एकदम थांबले होते मी. आपण ज्यांना रोज ऐकतो त्यांनाच...

रात्रपाळी:
ताई +१. पण एक फाटा फोडतो. हे सगळं "जुनं ते सोनं" या खात्यात टाकू नका. २०२२ मध्येच केट बुश या इंग्लिश गायिकेचं १९८५ सालचं गाणं एका वेब सिरीजमुळे इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, ३७ वर्षांनी. तो भडका होता, एकाच गाण्याचा, तरुण पोरांनी पहिल्यांदाच ऐकलं म्हणून पेटलेला. अलका याज्ञिकचं तसं नाही, तिचं कुठलं एक गाणं व्हायरल झालंय म्हणून ती वर नाही, हजारो गाणी थोडी थोडी, रोज. तिची जात निखाऱ्याची.

अजून एक गंमत, संगीताच्या धंद्यात "जुनं" म्हणजे किती जुनं? अमेरिकेत १८ महिन्यांच्या पुढचं सगळं "कॅटलॉग"मध्ये, म्हणजे जुन्या गाण्यांत टाकतात. त्यामुळे तिकडे ७० टक्क्यांहून जास्त जुनंच ऐकतात असं कोणी सांगितलं तर लगेच डोळे पुसू नका, त्यात दोन वर्षांपूर्वीचं गाणं पण "जुनं" असतं.

मला जास्त प्रश्न पडतो पैशाचा. ते १५३० कोटी वेळा वाजलं त्यात गायिकेला किती? तेव्हा गायकाला गाण्यामागे एकरकमी द्यायची पद्धत. साठच्या दशकात लताबाईंनी रॉयल्टी मागितली, रफीसाहेबांना ते पटलं नाही आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गायचंच बंद केलं होतं. २०१२ ला कायदा बदलला तेव्हा गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, पण कंपनीकडे रेकॉर्डिंगची मालकी असली की मोठा घास तिचाच. जुनी गाणी सारखी नव्याने अपलोड होतात, ज्यूकबॉक्स (एकाच व्हिडिओत सलग बरीच गाणी) बनतात, ते काय नुसतं प्रेमापोटी? गाणं करायचा खर्च तीस वर्षांपूर्वीच वसूल झालाय.

वरणभात:
मग मराठीत असं का नाही होत? गीतरामायण घ्या, १९५५-५६ ला पुणे आकाशवाणीवर ५६ गाणी, अख्खा महाराष्ट्र रेडिओला हार घालून ऐकायचा असं आजोबा सांगायचे. घरात सगळ्यांना पाठ. पण मी ॲपवर सुधीर फडके शोधतो तर इंग्रजी स्पेलिंग तीन प्रकारचं, एका ठिकाणी संगीतकाराच्या जागी गायक, एका ठिकाणी नुसतं "मराठी भावगीत भाग २". ॲपला बिचाऱ्याला कळणार कसं की हा एकच माणूस आहे. मेल केला होता, उत्तर नाही.

इचलकरंजीकर_काका:
वरणभात, माझ्याकडे गीतरामायणाचा पूर्ण कॅसेट संच आहे, दहा. टेप मात्र बंद पडलाय.

बेसूर_बासरी:
सगळ्यांचे आभार, आकडेमोड्यांचं वाचून लेकीला जरा बरं वाटलं. आज कॅबमध्ये दादांना मुद्दाम विचारलं की हीच गाणी का लावता. म्हणाले, "साहेब, झोप येत नाही, आणि मागचं पॅसेंजर कधी बंद करा म्हणत नाही." मग मी म्हटलं यूट्यूबवर लावता का, तर त्यांनी डॅशबोर्डखालून पेनड्राइव्ह उपसून दाखवला, मेहुण्याने लग्नात भरून दिलेला, २०१३ चा.

म्हणजे त्या १५३० कोटींत आमचे दादा नाहीतच.