हिडकलचं पाणी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, न्यायचं तर चाऱ्या बंद पाइपात घाला

टेलकरी: बेळगाव जिल्ह्यातलं, घटप्रभा नदीवरचं हिडकलचं धरण 51 टीएमसीचं, म्हणजे 51 अब्ज घनफुटांचं. घटप्रभेचा डावा कालवा धुपदाळच्या बंधाऱ्यावरून सुटतो तो थेट बागलकोट जिल्ह्यात जातो. मुख्य कालवा राहू द्या, पण खालच्या मातीच्या चाऱ्या, म्हणजे रानापर्यंतचे छोटे पाट, पाइपात घाला. एक क्युसेक पाणी (सेकंदाला एक घनफूट) 24 तास चाललं तर साधारण 24 एकर-इंच भरतं, म्हणजे 24 एकरांवर एकेक इंच. तीन इंचाची पाळी (एका वेळचं भिजवणं) धरली तर आठ एकर. त्यातला तिसरा हिस्सा चारीतच मुरला तर पाचच एकर भिजतात, तेही हेडवाल्यांचे, म्हणजे सुरुवातीच्या रानवाल्यांचे.

विहीरवाला: मुरलेलं पाणी वाया गेलं हे कुणी ठरवलं? चारीलगतच्या विहिरी त्यावरच उन्हाळा काढतात. आणि पाइपाला उतार लागतो. सपाट रानात पाण्याचा वेग सेकंदाला दोन फुटांच्या खाली आला की गाळ बसतो. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह नसेल तर हवा कोंडते आणि पाणी निम्म्यावर येतं. खोलगटात वॉशआउट (गाळ सोडायचा व्हॉल्व्ह) ठेवला नाही तर गाळ काढणार कुठून? ठेवला तर कुणीतरी तोच फोडून पाणी घेणार. उघडी चारी निदान फावड्यानं साफ होते.

टेलकरी: म्हणून तर तोंडाशी जाळी, मागं गाळ बसायला हौद, व्हॉल्व्हला चेंबर आणि कुलूप. चोरीचं म्हणाल तर उघड्या चारीत रबरी नळी टाकायला कितीसा वेळ लागतो?

चिबडरान: दोघंही पाणी आणायचंच बोलताय. काढायचं कोण बघणार? कृष्णाकाठच्या काळ्या रानात उसाला सऱ्या तुडुंब भरल्या की पाणीपातळी मुळांपर्यंत चढते. वरचं पाणी उन्हानं उडतं, क्षार मागं राहतात, पांढरा थर धरतो, रान चिबड होतं. मग लोक जिप्समची पोती ओततात! आधी माती तपासा. सोडियम जास्त निघाला तरच जिप्समचा उपयोग, आणि निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जाणार कुठं? निचऱ्याला साडेतीन-चार फूट खोल पुरलेले छिद्रांचे पाइप, भोवती गाळणीचं कापड, सलग उतार, आणि तोंड ओढ्यात उघडं. एकट्यानं जमत नाही, कारण ओढ्याची वाट बहुतेक वेळा खालच्याच्या रानातून असते. विहिरीच्या पाण्याची क्षारताही एकदा बघा, मुरलेलं पाणी गोडच राहतं असं नाही.

विहीरवाला: काळ्या पट्ट्यापुरतं मान्य. मुरमाड माळावर मात्र पाझर हवाच, तिथली चारी बुजवू नका.

पंपहाउस: कागवाड-अथणी तालुक्यांतल्या खिळेगाव बसवेश्वरसारख्या, पंपानं पाणी वर चढवणाऱ्या उपसा योजनांना हा वाद परवडत नाही. एक क्युसेक पाणी 50 मीटर चढवायला, 70 टक्के कार्यक्षमता धरून, 20 किलोवॅट लागतात. दिवसाला 480 युनिट, म्हणजे एकरी एका पाळीला 60. एवढी वीज जाळून वर चढवलेलं पाणी मातीच्या चारीत कशाला सोडायचं? माळ असो की काळं रान, उपशाला पाइपच.

विहीरवाला: उपशाला घाला की, कोण नको म्हणतंय? पण उताराच्या कालव्यावर आधी फाट्याफाट्याला पाणी मोजायची पट्टी बसवा. तिसरा हिस्सा मुरतो की हेडला वळवला जातो, ते कळल्याशिवाय पाइपाची निविदा काढू नका.