मदत हवी आहे: पडल्यानंतर जंपिंगची धास्ती बसली, ड्रेसाजकडे (उड्यांशिवाय, शिस्तबद्ध चालींच्या घोडेस्वारीकडे) वळू का?

नमस्कार मंडळी,

मी अलिबागजवळ राहते, वय ३७. नऊ वर्षं घोड्यावर बसते, त्यातली सहा शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यासह अडथळ्यांवरून उड्या मारण्यात गेली. डिसेंबरात ९० सेंटीमीटरच्या ऑक्सरसमोर (पुढेमागे दांड्या लावलेल्या रुंद अडथळ्यासमोर) घोडा ऐन वेळी अडला आणि मी त्याच्या मानेवरून थेट दांड्यांत पडले. कॉलरबोन मोडलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी परत बसायला परवानगी दिली.

साध्या ट्रॉटला (दुडक्या चालीला) काही होत नाही. पण अडथळ्याकडे वळलं की तीन-चार ढांगा आधीच माझे हात आवळतात, श्वास अडकतो, लगाम खेचला जातो. घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो, तो डोकं वर करतो आणि थांबतो. आता ५० सेंटीमीटरच्या क्रॉसवरसुद्धा (दोन तिरप्या दांड्यांच्या सोप्या अडथळ्यावर) हेच. यात माझ्या घोड्याची, लाल्याची काही चूक नाही. रेसमधून आलेला १२ वर्षांचा थरोब्रेड आहे, अतिशय हळवा. त्याला मी दर वेळी सांगतेय की पुढे काहीतरी भयंकर आहे, आणि तो माझं ऐकतोय. याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

सरांचं म्हणणं, रोज उड्या मारल्या की भीती मोडते. सहा आठवडे तेही केलं. त्यानंतर आदल्या रात्रीपासूनच पोटात गोळा यायला लागला.

जूनमध्ये पावसाने मैदानात तळं झालं, जंपिंग बंद पडलं. तेव्हा दुसऱ्या एका मॅडमनी मला पत्र्याखालच्या छोट्या जागेत लंजवर घेतलं (म्हणजे लांब दोरीने घोडा त्यांनी धरलेला), रिकिबी काढून. अर्धा तास नुसतं चालणं, थांबणं, परत चालणं, मग ट्रॉटमध्ये गोल. मधेच त्याचा आतला मागचा पाय माझ्या बैठकीखाली येतोय, हे पहिल्यांदा स्वच्छ जाणवलं. लाल्याने मान खाली सोडली आणि मोठा फुरफुराट केला. उतरल्यावर मी त्याच्या मानेला मिठी मारून रडले. मला हेच, म्हणजे ड्रेसाज शिकायचंय.

आमच्याकडे मात्र ‘उडी जमत नाही त्यांचं ड्रेसाज’ असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी २०२३ मध्ये हांग्झूच्या आशियाई स्पर्धेत सांघिक ड्रेसाजचं सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत आपल्याला ४१ वर्षांनी मिळालेलं सुवर्ण ते! तरीही ‘तू पळ काढतेयस’ हे वाक्य डोक्यातून जात नाही. जंपिंग सोडून इकडे आलेलं कुणी आहे का? तुम्हाला कसं वाटलं?

बाकी अडचणी व्यवहारातल्या. आखूड रिकिबी आणि पुढे झुकून बसायची सवय असल्यामुळे जरा घाबरले की गुडघे आवळले जातात. लांब रिकिबीत पाय सैल सोडायला तुम्हाला किती दिवस लागले? जंपिंगच्या खोगिरावर सुरुवात चालेल का? ड्रेसाजचं खोगीर खोल बैठकीचं, सरळ लांब फ्लॅपचं असतं एवढं माहीत आहे, पण ते महाग. शिवाय इथल्या दमटपणात चामड्याला चार दिवसांत बुरशी धरते.

जागेचंही विचारायचंय. पाऊस संपला की ओहोटीला पुळणीवर २० बाय ४० मीटरचा चौक आखता येईल, ड्रेसाजच्या मैदानाभोवती खुणेची अक्षरं असतात, ती डब्यांवर रंगवून. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोड्याच्या पायाच्या कंडरांवर (टेंडनवर) ताण येतो, म्हणून ओल्या घट्ट पट्ट्यातच. पण किनारा समुद्राकडे उतरता असतो. त्या उतारावर २० मीटरचा गोल घेतला तर घोडा एका बाजूला झुकायची सवय लावून घेईल का?

भर, रात्री ९: कँटरचं (संथ दौडीचं) दोघांनी विचारलंय. उजव्या हाताला, म्हणजे उजवीकडे गोल घेताना लाल्या बरा जातो. डाव्या हाताला पहिल्या दोन ढांगांत मी ताठ होते, पडलेही डावीकडेच होते. जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालत जाताना काही वाटत नाही, ट्रॉटला थोडं वाटतं. ज्या ताईंनी मोठ्याने आकडे मोजत श्वास सोडायला सांगितलं, त्यांचे आभार, उद्याच करून बघते.

आता एकच राहिलं. रविवारी सरांशी बोलायचंय. सहा वर्षं त्यांनी मला मनापासून शिकवलं, पडले तेव्हा हॉस्पिटलात रात्रभर बसून होते. ‘तुमच्याकडे उड्या शिकणं थांबवते’ हे त्यांना न दुखावता कसं सांगू?