ओगासावारात गोगलगायींचं सर्वेक्षण: 'शून्य' नोंद आणि रिकामे शंख कसे वाचायचे?

ओला_पाला

नमस्कार मंडळी. जपानच्या ओगासावारा बेटांवर जमिनीवरच्या गोगलगायींच्या सर्वेक्षणात मदतनीस म्हणून काम करायचं आहे. भर हाहाजिमावर, थोडं काम चिचिजिमावर. पार्श्वभूमी वाचली आहे: इथल्या मूळ जाती शंभराच्या आसपास, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि २०११ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळण्यात या गोगलगायींचा वाटा मोठा होता. चिचिजिमावर गोगलगायी खाणारा न्यू गिनीचा चपटकृमी (प्लॅटिडेमस मॅनोक्वारी) आल्यावर तिथल्या जवळजवळ सगळ्या संपल्या, हाहाजिमा आतापर्यंत वाचलं, हेही माहीत आहे.

अडतंय ते पुढे. एखाद्या प्लॉटमध्ये जिवंत गोगलगाय दिसली नाही तर 'नाही' लिहायचं की 'दिसली नाही'? किती फेऱ्यांनंतर खात्रीनं बोलता येतं? नुसते रिकामे शंख मिळाले तर त्यांचं काय करायचं? आणि बुटांच्या स्वच्छतेबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो, त्यातलं नेमकं काय पाळायचं?

शंखमोजणी

आधी शून्याचं बोलू, कारण अहवालात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

समजा, गोगलगाय प्लॉटमध्ये आहे आणि एका फेरीत ती सापडण्याची शक्यता ३० टक्के आहे. मग एका फेरीत न सापडण्याची ७० टक्के. तीन फेऱ्यांत एकदाही न सापडण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ३४ टक्के उरते. तीन फेऱ्या करून 'इथून गेली' असं लिहिणारा दर तिसऱ्या वेळी चुकतो. ही शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायला नऊ फेऱ्या लागतात. सापडण्याची शक्यता ५० टक्के असेल तर पाच पुरतात. म्हणून आधी गोगलगाय आहे हे पक्कं माहीत असलेल्या दोन-तीन प्लॉटमध्ये चार-पाच फेऱ्या मारा, दर फेरीला सापडते का ते बघा, आणि त्या आकड्यावरून बाकीच्या प्लॉटच्या फेऱ्या ठरवा.

कोरड्या दिवसांतली फेरी मोजणीत धरू नका. हवा कोरडी झाली की गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पडदा ओढून पानाखाली किंवा पाचोळ्यात गप्प बसते. दिसण्याची शक्यता इतकी घसरते की ती फेरी ओल्या फेरीबरोबर एका हिशेबात बसत नाही. पाऊस पडून गेल्यावरची रात्र सगळ्यात चांगली. दर फेरीला जमिनीलगतचं तापमान, आर्द्रता, शेवटचा पाऊस कधी पडला आणि कोण शोधत होतं हे चार रकाने भराच. नजरेनजरेत फरक असतो, त्यामुळे एकच माणूस कायम एकाच प्लॉटला पाठवू नका.

प्लॉट १० × १० मीटर, दोन माणसं, प्रत्येकी ३० मिनिटं, घड्याळ लावून. मॅन्डरिना या इथल्याच गोगलगायींच्या गटातल्या काही जाती झाडावर राहतात, काही जमिनीवर, काही दोन्हीकडे. त्यामुळे वेळ वाटून घ्या: दहा मिनिटं पानांच्या खालची बाजू, दहा मिनिटं खोडं दोन मीटरपर्यंत, दहा मिनिटं जमीन. शिवाय २५ × २५ सेंटीमीटरच्या पाच चौकटी टाकून त्यातला पाचोळा पांढऱ्या ट्रेवर ८, ४ आणि २ मिलिमीटरच्या चाळण्यांतून तिथेच बघा. बारीक जाती नुसत्या नजरेनं शोधून सापडत नाहीत, त्यांची मोजणी चाळणीवरच होते. पाहून झालं की पाचोळा त्याच जागी, खालचा थर खाली आणि वरचा वर असा परत. पडदा ओढून चिकटलेली गोगलगाय ओढून काढू नका. तो पडदा फाटला की अंगातलं पाणी जातं आणि कोरड्या दिवसांत ते भरून येत नाही. फोटो काढा, आहे तिथेच मोजा.

मॅन्डरिनाचं एक बरं आहे. वाढ पूर्ण झाली की शंखाच्या तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळते. कड पातळ आणि धारदार असेल तर पिल्लू. दर प्लॉटला हे दोन आकडे वेगळे लिहा. एकूण संख्या टिकून असली तरी पिल्लं दिसेनाशी झाली, तर ती वस्ती म्हातारी होत चालली आहे.

सुरूबन

रिकाम्या शंखांवर मी लिहितो. ते निम्मं सर्वेक्षण आहे, पिशवीत भरून 'मृत: १४' लिहून टाकण्याची गोष्ट नाही.

पहिला प्रश्न वयाचा. ताज्या शंखावर वरची तपकिरी साल आणि चमक शाबूत असते, पट्ट्यांचे रंग ओळखू येतात, आतून वास येऊ शकतो. मग साल ठिकठिकाणी सुटते, रंग फिके पडतात. शेवटी शंख खडूसारखा पांढरा होतो, नखाला पावडर लागते. ताजे, मधले, पांढरे असे तीन गट पुरतात. आज काय चाललंय ते फक्त ताज्यांवरून कळतं. चिचिजिमाजवळच्या मिनामिजिमाच्या वाळूत तर नामशेष झालेल्या मॅन्डरिना लुहुआनाचे अर्धवट अश्मीभूत शंख जागोजागी पडलेले आहेत. असे जुने शंख इतर बेटांवरही मातीतून वर येतात आणि नवख्याला ते कालपरवा मेल्यासारखे वाटतात.

दुसरा प्रश्न: मारलं कोणी? शंख उजेडात तिरका धरून भिंग लावा. उंदीर वेढा कुरतडून मांस काढतो. भोकाची कड वेडीवाकडी असते आणि तिच्यावर दातांच्या जोडीचे समांतर ओरखडे दिसतात. पायाखाली किंवा दगडाखाली फुटलेल्या शंखाची कड एकदम तुटलेली असते, ओरखडे नसतात. चपटकृमी काहीच फोडत नाही. तो पोटाच्या मध्यातून नळीसारखा घसा बाहेर काढून शंखाच्या तोंडातून आत घालतो आणि मांस आतल्या आत विरघळवून शोषतो. मागे राहतो धड, चकचकीत, आतून स्वच्छ शंख. शिकारी गोगलगाय युग्लँडिना रोझिया हीसुद्धा शंख धडच ठेवते, लहान गोगलगाय तर शंखासकट गिळते.

म्हणून कुरतडलेले शंख मिळाले तर उंदरांचं काम आहे, घाई आहे पण उपाय आहे. धड, ताजे, सगळ्या आकाराचे शंख एका जागी मिळाले तर ती धोक्याची घंटा समजायची.

दोन सावधगिऱ्या. जमिनीवर राहणारे साधू खेकडे रिकामे शंख घालून हिंडतात, त्यामुळे शंख सापडला ती मरणाची जागा असेलच असं नाही. किनाऱ्याजवळच्या प्लॉटमध्ये तर नसतेच असं धरा. आणि ओगासावाराच्या मूळ गोगलगायींना नैसर्गिक स्मारकाचं संरक्षण आहे, त्यामुळे परवानगीत लिहिलेलं नसेल तर रिकामा शंखही खिशात घालायचा नाही. पट्टी ठेवून तीन बाजूंनी फोटो: वरून, तोंडाकडून, तुटलेल्या कडेचा जवळून.

खारं_पाणी

बुटांचं नेमकं सांगते.

बेटांचा क्रम शक्य असेल तर आधी हाहाजिमा, मग चिचिजिमा. उलट जावं लागलं तर हाहाजिमासाठी वेगळे बूट, वेगळे मोजे, वेगळी बॅग. तळव्याच्या खाचा उथळ असलेले बूट घ्या. खोल खाचेत बसलेला मातीचा गोळा हीच चपटकृमीची गाडी. शिवाय त्याचा तुकडा तुटला तरी त्या तुकड्यातून नवा कृमी वाढतो, त्यामुळे ब्रशनं अर्धवट घासून उडवलेला चिखल धोका कमी करत नाही, पसरवतो.

क्रम असा: आधी कोरडा चिखल लाकडी काडीनं ट्रेमध्ये काढा, मग ब्रश, मग व्हिनेगर. वाटांच्या तोंडाशी ब्रश आणि व्हिनेगरचा फवारा ठेवलेला असतो. लोक चिखलावरूनच फवारा मारतात आणि चालू पडतात, त्यात चिखलाच्या आतला कृमी मजेत राहतो. फवारा उघड्या रबरावर, पाणी न मिसळता, आणि लगेच पुसायचं नाही. कपड्यांसाठी चिकट रोलर असतो, तो बियांसाठी. ट्रायपॉडचे पाय, चाळणीची कड, गुडघ्याखालचे पट्टे, बॅगेचा तळ, वेल्क्रो हे सगळं याच नियमात येतं.

गरम पाणी सगळ्यात भरवशाचं. ४३ अंश सेल्सिअसला पाच मिनिटांत हा कृमी मरतो. पण बादलीतलं पाणी थंड वस्तू टाकताच उतरतं. सुरुवात ५५ च्या आसपास करा आणि पाच मिनिटं संपताना थर्मामीटर परत घालून बघा. कुंडीतलं रोप असेल तर मुळांच्या गोळ्याच्या मध्यभागी ४३ पोचलं पाहिजे, बाहेरच्या पाण्यात नव्हे.

कृमी दिसला तर उघड्या हातानं उचलू नका. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या जंताच्या अळ्या त्याच्या अंगात असू शकतात. माणसाच्या पोटात गेल्या तर त्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. चिमटा, हातमोजे, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय खाणंपिणं नाही.

सडा_आणि_कडा

तिथे सुरूचं झाड परदेशी आणि आक्रमक आहे, पाचोळ्याचा जाड थर टाकून खाली काही उगवू देत नाही. मग सर्वेक्षणाच्या वेळीच रोपं उपटत गेलं तर दोन कामं एकदम होणार नाहीत का? दुसरं: मराठवाड्यात २०२२ ला आफ्रिकन गोगलगायीनं सोयाबीन फस्त केलं, तेव्हा शिकारी गोगलगाय आणा असं बरेच जण म्हणत होते. यावर इथल्या जाणकारांचं मत काय?

सुरूबन

@सडा_आणि_कडा, सुरूबद्दल सावकाश. उंदीर असलेल्या बेटावर तोच जाड पाचोळा बारीक गोगलगायींना लपायला जागा देतो, उंदराला तिथे उकरून शोधणं जड जातं. ओगासावारातच हे नोंदलं गेलं आहे. सुरू आधी काढला आणि उंदीर तसेच राहिले, तर गोगलगायी उघड्यावर येतात. आधी उंदीर, मग सुरू, आणि तोही पट्ट्यापट्ट्यानं. चिचिजिमाशेजारच्या आनिजिमा बेटावर २०१० साली हेलिकॉप्टरनं उंदरांचं विष टाकलं होतं, तरी पुढे उंदीर परत दिसले. त्यामुळे 'उंदीर संपले' हे कुणी सांगितलं म्हणून धरू नका, कुरतडलेल्या ताज्या शंखांचं प्रमाण वर्षागणिक बघा.

शिकारी गोगलगायीला माझा साफ विरोध आहे. युग्लँडिना हवाईत १९५५ ला आफ्रिकन गोगलगायीसाठी सोडली, बर्म्युडात १९५८ ला दुसऱ्या एका पिकाच्या गोगलगायीसाठी, ताहितीत १९७४ ला, मूरेआत १९७७ ला. आफ्रिकन गोगलगाय टिकली, बेटांवरच्या लहान मूळ गोगलगायी संपल्या. शिकाऱ्याला हव्या तेवढ्या आकाराच्या, सावकाश वाढणाऱ्या मूळ जाती जास्त सोप्या पडतात. सह्याद्रीच्या ओल्या कड्यांवर धबधब्यांच्या पाण्यात राहणारे क्रेम्नोकॉन्कससारखे शंख आपल्याकडे आहेत, जे जगात फक्त पश्चिम घाटातच सापडतात. असल्या ठेव्याशेजारी हा प्रयोग करायचाच नाही. सोयाबीनला हातानं वेचणी, बांधावरचा ओला कचरा काढणं, अंडी नष्ट करणं आणि गरजेपुरतं आमिष, हाच मार्ग.

समुद्रफेस

पाळून वाढवण्याबद्दल थोडं, कारण 'दोन-चार घेऊन पेटीत ठेवू' ही सूचना कुणीतरी करतंच.

चिचिजिमावरच्या जागतिक वारसा केंद्रात मॅन्डरिना पाळतात आणि त्यांची पिल्लं निघतात. पण ते काम शिस्तीचं आहे: प्रत्येक वस्ती वेगळ्या पेटीत, पेटीवर मूळ जागा आणि तारीख, एका पेटीचा चिमटा दुसरीत नाही. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (म्हाकुळाचं हाड) किंवा अंड्याच्या कवचाची पूड, ओल कायम पण तळाशी पाणी साचलेलं नाही. पाणी साचलं की बुरशी आणि माइट्स, आणि पिल्लं आधी जातात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पॉलिनेशियाची पार्टुला टुर्जिडा १९९६ ला संपली, शरीरात शिरलेल्या एका सूक्ष्म परजीवीमुळे. सगळी वस्ती एका छपराखाली होती. दोन वेगळ्या जागा नसतील तर सुरूच करू नये.

उलट बाजूही खरी आहे. बर्म्युडाची पोसिलोझोनाइट्स बर्म्युडेन्सिस नाहीशी झाली असं मानत होते, ती २०१४ ला हॅमिल्टन शहरातल्या एका बोळात मिळाली. चेस्टर आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवून ती नॉनसच बेटासारख्या सुरक्षित जागी परत सोडली. नॉर्फोक बेटावरची ॲडव्हेना कॅम्पबेली नामशेष म्हणून नोंदलेली होती, २०२० ला एका ओल्या घळीत जिवंत निघाली. @शंखमोजणी यांचा शून्याचा हिशेब म्हणूनच महत्त्वाचा. 'संपली' लिहिलं की शोधणं थांबतं.

ओला_पाला

खूप मोठी मदत झाली. एकच उरलं: हाहाजिमावर खरंच धड, ताजे शंख ढिगानं दिसले तर त्या क्षणी काय करायचं?

खारं_पाणी

तिथेच थांबा, पुढच्या प्लॉटला जाऊ नका. पुढे गेलात तर तुम्हीच वाहक.

जीपीएस, फोटो, ताज्या शंखांची संख्या, त्यात मोठे किती आणि पिल्लं किती. उन्हाच्या, उघड्या जागी दुष्काळानंही असे शंख मिळतात, तिथे बहुतेकदा तोंडावर सुकलेला पडदा किंवा आत वाळलेलं मांस असतं. सावलीत, ओलीत, आतून स्वच्छ असतील तर कृमीचाच संशय धरा. ओंडके, दगड, फळ्या उचलून खालची बाजू बघा: चार-सहा सेंटीमीटर लांब, काळपट, पाठीवर मधोमध फिकी रेघ. खोडांवरही बघा, तो गोगलगायीच्या चिकट मागावरून झाडावर चढतो.

दिसला नाही तर आमिष लावायची परवानगी मागा. जाळीच्या पिशवीत परदेशी जातीची गोगलगाय, मूळ जात कधीच नाही, पिशव्या मोजून लावायच्या आणि मोजून काढायच्या. चिचिजिमावर उबदार महिन्यांतल्या प्रयोगात अशा ठेवलेल्या गोगलगायींतल्या निम्म्याहून जास्त तीन दिवसांत आणि नव्वद टक्क्यांहून जास्त अकरा दिवसांत कृमीनं मारल्या होत्या. म्हणजे कृमी भरपूर असेल तर दोन आठवड्यांत कळतं. थंडीत तो मंदावतो, तेव्हा रिकाम्या हातानं आलात तरी ते उत्तर धरू नका.

सापडलाच तर चिमट्यानं ९५ टक्के इथेनॉलच्या बाटलीत, बाटली दोन पिशव्यांत. बूट, चाळण्या, ट्रे यांची सफाई प्लॉटच्या कडेलाच, घसरलेला चिखलही पिशवीत. आणि बोटीवर चढण्याआधी, त्याच दिवशी, बेटावरच्या पर्यावरण मंत्रालयाच्या कार्यालयात जाऊन सांगा.